मॅनेजरबाईची लाँड्री

ती परत आली तेव्हा गल्लीत तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. टॅक्सीतून उतरून बॅगा ओढत ती दाराकडे निघाली, तर समोरच्या घराच्या पायरीवर बसलेल्या काकू म्हणाल्या, "आलात का मॅनेजरबाई? हॉटेलवाल्यांनी कसं काय सोडलं तुम्हाला?"

तिला वाटलं, काकू थट्टा करताहेत. ती हसली आणि आत गेली.

थट्टा नव्हती. दोन दिवसांत औषधाच्या दुकानदाराने, रिक्षावाल्याने आणि शाळेतल्या बाईंनीही तिला तीच हाक मारली, तेव्हा तिने दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, गाठलं. दादा टीव्ही बघत होता. नजर न हलवता म्हणाला, "माझ्या लग्नाच्या बोलण्यांत विचारलं होतं, बहीण काय करते म्हणून. बोलून गेलो. मग ते चिकटलं."

"तुझं लग्न होऊन बारा वर्षं झाली, दादा."

"म्हणून तर म्हणतो, आता कशाला उकरून काढायचं?"

खरी गोष्ट अशी होती की ती परदेशात एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुणी धुत होती. तळघराला खिडकी नव्हती. वरच्या मजल्यांवरून चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं ढकलगाड्यांतून खाली यायची आणि धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन परत वर जायची. ओली चादर हातात किती जड लागते, ते ज्याने तासन्‌तास उचलली त्यालाच माहीत. डाग काढायच्या औषधाचा वास केसांत बसायचा तो सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. शेवटच्या काही वर्षांत एक अख्खी पाळी तिच्या हाताखाली दिली होती, त्यामुळे मॅनेजर म्हणायला अगदीच जागा नव्हती असं नाही. पण त्या पाळीतही सगळ्यात आधी बाह्या वर करायची ती तीच.

पंधरा वर्षं तिने तिथून घरी पैसे पाठवले. पहिल्या वर्षी गळकं छप्पर गेलं. मग आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि दादाने इकडून तिकडून उचललेलं फेडून झालं. इथवरच्या प्रत्येक पैशाबद्दल तिच्या मनात कधी किंतु आला नाही. त्यानंतर मात्र घर वाढत गेलं. एक मजला झाला, मग दुसरा. खाली रस्त्याला लागून शटरचा मोठा गाळा काढला, त्यात आरशासारखी फरशी बसवली. शोरूमला भाड्याने द्यायचा, असं दादा फोनवर सांगायचा. पण गल्लीतल्या सगळ्यांच्या घरचं कोणी ना कोणी बाहेर होतं, सगळ्यांनी तसेच मजले चढवले होते आणि सगळ्यांनी खाली तसेच गाळे काढले होते. गिऱ्हाइकांपेक्षा शटर जास्त. गाळा बांधल्यापासून कुलपात होता.

दादाचं पूर्वी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वाकडं झालेलं चाक तो नुसत्या बोटांनी चाचपून सरळ करायचा. बहिणीचे पैसे सुरू झाल्यावर चौथ्या वर्षी त्याने दुकान बंद केलं. "आता शोभत नाही," म्हणाला. त्याच्यासारखे पुष्कळ होते. पांढरे शर्ट घालून ते चौकात उभे राहायचे आणि कुठल्या देशात कामाचे परवाने सुटलेत याची चर्चा करायचे.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. तिने नळवाल्याला बोलवायला सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "वन्सं, नळवाला कधीच गेला. तिकडे लोकांचे नळ दुरुस्त करतो." सुतार गेला होता, वायरमन गेला होता. पैसा येत होता आणि हात जात होते. जागांचे भाव असे चढले होते की शाळेतल्या मास्तरांना गावात खोली परवडेना. ते रोज बसने येऊन जाऊन करत. बाजारात भाजीवाली भाव सांगायची तो परदेशातला पगार गृहीत धरून. ज्याच्या घरचं कोणी बाहेर नव्हतं त्याने खायचं काय, हे विचारायची पद्धत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात दादाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "रजा कधी संपते तुझी?"

"रजा नाही. सोडून आले."

वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. आई ताटावरून मान वर करून बघायला लागली.

"सोडून म्हणजे?" दादा म्हणाला. "मग महिन्याचं?"

"महिन्याचं आता येणार नाही. हिशेबाचे जे मिळाले त्यात मशिनं घेतली आहेत. शहरात एक हॉस्पिटल बंद पडलं, त्यांची धुण्याची मशिनं विकायला होती. येताना बघून, ठरवूनच आले. खालच्या गाळ्यात लाँड्री टाकणार."

दादा आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं. त्याने तिला पुष्कळ समजावलं, मग आवाज चढवला, मग ताट सरकवून उठला. पण त्या रात्री तो जे एक वाक्य बोलला ते तिला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

"आईने चार घरची धुणी धुऊन आपल्याला वाढवलं," तो म्हणाला. "तिच्या बोटांच्या बेचक्या कायम सोललेल्या असायच्या. तुझ्यामुळे तिचे हात त्या पाण्यातून सुटले. आणि आता तूच ते धुणं आमच्या दारात आणून ठेवतेस?"

ती म्हणाली, "तेव्हा धुण्याचा भाव कोण ठरवायचं, दादा? त्या चार घरच्या बायका. आणि आईने तोंड उघडलं की म्हणायच्या, दुसरी बघतो. या गाळ्यात भाव मी ठरवणार. पटला तर कपडे टाका, नाही तर घरी धुवा."

जागा आईच्या नावावर होती. दुसऱ्या दिवशी दादा आईला घेऊन बसला आणि तिच्याकडून नाही म्हणवून घ्यायची खटपट करू लागला. आईने सगळं ऐकलं आणि लेकीला बोलावलं.

"तू तिकडे खरंच धुणी धुत होतीस?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. फोन दादाकडे असायचा. तुझ्यापर्यंत काय पोचलं ते मला आता कळतंय."

आई बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, लेक तिथे खुर्चीत बसून हुकूम सोडते. लोकांना सांगताना माझी मान ताठ व्हायची. आणि मनात यायचं, हिला आता आपली लाज वाटत असेल." ती उठली, गाळ्याची किल्ली खिळ्यावरून काढून लेकीच्या हातात दिली आणि मुलाला म्हणाली, "ओरडायचं ते वर जाऊन ओरड. माझं डोकं दुखतं."

मशिनं घेऊन ट्रक आला तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती. धुण्याचं मशीन एका गाईएवढं, वाळवायचा ड्रम त्याहून उंच, आणि चादरींवर इस्त्री फिरवणारा लांबलचक रोलर. पण मशीन नुसतं ठेवून भागत नाही. फिरायला लागलं की ते थरथरतं, म्हणून खाली काँक्रीटचा चौथरा करून बोल्टांनी आवळावं लागतं. त्या गुळगुळीत फरशीवर चौथरा धरणार नव्हता. फरशी फोडायला लागणार होती.

गवंडी कचरत होता. गावात उरलेला तो एकटाच गवंडी, आणि ती फरशी त्यानेच बसवली होती. "बाई, दादांना विचारा एकदा," तो म्हणाला.

दादा वरच्या गॅलरीत उभा होता. त्याने ती फरशी तीन दुकानं पालथी घालून निवडली होती. तिने वर बघितलं, त्याने खाली बघितलं. मग तिने गवंड्याच्या हातातली घणाची दांडी घेतली आणि गाळ्याच्या मधोमध पहिला घाव घातला. फरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली. दुसऱ्या घावाला तुकडे उडाले.

"आता विचारायचं काही राहिलं नाही," ती म्हणाली. "घ्या कामाला."

गॅलरीचं दार धाडकन लागलं.

पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, नाव काय टाकायचं. दादाने निरोप धाडला होता की काहीतरी इंग्रजी टाका, निदान घराची अब्रू राहील. तिने सांगितलं, "मोठ्या अक्षरात लिहा: मॅनेजरबाईची लाँड्री. खाली लिहा: परदेशात पंधरा वर्षं धुणी धुतल्याचा अनुभव." रंगारी हातातला ब्रश विसरून बघत राहिला. पाटी लागली तेव्हा गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबून ती दोनदा वाचत होता.

पाटीच्या दुसऱ्या ओळीने जे केलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दोनतीन दिवसांनी भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, समोरच्या काकू एक पलंगपोस काखेत मारून आल्या. पलंगपोस स्वच्छ होता. काकू स्टुलावर बसल्या, मशीन बघितलं, रोलर बघितला, हवापाण्याचं बोलल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आमचा मुलगा तुमच्याच शहरात असतो. तिकडे भेट व्हायची का कधी?"

"कधीतरी व्हायची."

"ऑफिसात आहे ना तो? टेबलखुर्चीचं काम?"

तिने हातातली चादर खाली ठेवली. मुलगा काय करतो ते तिला चांगलं माहीत होतं. बसडेपोत बस धुतो. थंडीच्या दिवसांतही गुडघ्यापर्यंत बूट घालून पाण्यात उभा असतो, आणि भेटला की आधी आईची खुशाली विचारतो.

"काकू, खोटं मी सांगणार नाही. आणि खरं सांगायचा हक्क त्याचा आहे. फोन करा. पण विचाराल तेव्हा रडू नका, रागावू नका. त्याने काही वाईट केलेलं नाही."

काकूंना जे कळायचं ते तेवढ्यात कळलं. त्या पलंगपोस तिथेच विसरून गेल्या.

चार दिवसांनी तिचा फोन वाजला. तिकडून काकूंचा मुलगा बोलत होता. आता हा आपल्याला धुऊन काढणार, अशा तयारीने तिने फोन कानाला लावला.

"आईने विचारलं, ताई. सांगून टाकलं सगळं."

"मग?"

"मग काय, पहिल्यांदा विचारलं, पायात मोजे कुठले घालतोस." तो हसला. "दर आठवड्याला फोन करायच्या आधी मला ऑफिसातल्या गोष्टी जुळवायला लागायच्या. साहेब काय म्हणाला, कोणाची बढती झाली. सुटलो एकदाचा."

काकूंनी आपल्या घराच्या तिसऱ्या मजल्याचं काम थांबवलं. मुलाला सांगितलं, मजल्यासाठी पाठवू नकोस, त्यात तिकडे एक बरीशी खोली घे, गरम पाण्याची. आणि हे त्यांनी लपवून ठेवलं नाही. पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. मग आणखी एका घरातून फोन गेला, मग तिसऱ्या. कोणाचा इंजिनिअर मुलगा खाटीकखान्यात निघाला, कोणाची नर्स सून म्हाताऱ्यांची अंगं पुसणारी निघाली. काही घरांत रडारड झाली, काही घरांत भांडणं. दोन घरांनी फोनच केला नाही आणि लाँड्रीच्या पाटीकडे न बघता जायला सुरुवात केली. पण वाळूचे ट्रक गल्लीत यायचे ते कमी झाले, हे सगळ्यांना दिसत होतं.

फरशीवाल्याला ते सगळ्यात आधी दिसलं. गावात सगळ्यात मोठं दुकान त्याचं. एका संध्याकाळी तो एका निवृत्त हेडक्लार्कला बरोबर घेऊन लाँड्रीत आला. हेडक्लार्कच्या मुलाचं लग्न जुळत आलं होतं.

"बाई, तुमच्या हिमतीचं कौतुक आहे," फरशीवाला म्हणाला. "लाँड्री खुशाल चालवा. पण ती खालची ओळ पुसा."

"का? त्यात चूक काय आहे?"

"चूक नाही हो. पण गाव कशावर चाललंय बघा ना. पोरं बाहेर आहेत म्हणून घरं होतात, घरं होतात म्हणून माझं दुकान चालतं, हमालाला काम मिळतं. आमची पोरं तिकडे धुणी धुतात, भांडी घासतात असं झालं तर कोण सोयरीक करणार, कोण उधार देणार?"

हेडक्लार्क इतका वेळ बुटांकडे बघत होता. तो म्हणाला, "मुलीकडच्यांनी विचारलंय, मुलगा नेमकं काय करतो. आजवर कोणी असं विचारलं नव्हतं."

"मग सांगा नेमकं काय करतो ते."

"मोडेल लग्न."

"धुणीभांड्यांच्या पैशाने बांधलेला बंगला बघून मुलगी द्यायला तयार होतात आणि धुणीभांडी म्हटलं की मोडतात, ते मोडू द्या. तुमच्या मुलाची सुटका होईल."

फरशीवाल्याच्या कपाळावर शीर दिसायला लागली. "गल्लीतून एक रुमाल येणार नाही तुमच्याकडे. बघतो कशी चालते लाँड्री."

"गल्लीच्या रुमालांनी माझ्या मशीनचा तळही झाकला जात नाही," ती म्हणाली. "ओळ राहणार. आणि उद्या रंग उडाला तर पुन्हा रंगवून घेईन."

मशीन भरायची सोय तिने आधीच लावली होती. गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर नवं हॉस्पिटल झालं होतं, दोन लॉज होते. त्यांच्या चादरी शहरात जायच्या आणि तीन दिवसांनी परत यायच्या, त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच कोणाच्या. तिने सांगितलं, सकाळी द्या, संध्याकाळी घ्या, आणि फाटली तर भरून देईन. हॉस्पिटलने आठवडाभर अजमावून बघितलं आणि मग काम तिच्याकडेच ठेवलं.

अडलं ते माणसांपाशी. चादरी आल्या, पण रोलरवर दोन बाजूंनी दोन माणसं लागतात. ज्यांच्या घरी दर महिन्याला बाहेरून पैसे यायचे त्या बायका हसून म्हणायच्या, आम्हाला काय कमी आहे. शेवटी ज्यांच्या घरचं कोणी बाहेर नव्हतं अशा दोघी वरच्या वस्तीतून आल्या. एके दिवशी त्यांतली एक आजारी पडली, दुसरी धुण्याच्या मशीनपाशी अडकली आणि हॉस्पिटलचा ढीग छताला लागायला आला. रोलरवर ती स्वतः एकटीच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत होती, तेवढ्यात पलीकडून कोणीतरी चादरीचं टोक धरलं. बघते तर वहिनी. पदर खोचलेला, तोंडावर नेहमीची आठी.

दोघींनी ढीग उतरवला. वहिनींचा हात पहिल्या दहा चादरींतच बसला. शेवटची घडी ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "वन्सं, या कामाला पगार आहे ना?"

"आहे."

"माझ्या हातात देणार? ह्यांच्या नाही?"

"तुमच्याच हातात."

"बारा वर्षं तुमच्या पैशावर राहिले," वहिनी म्हणाल्या. "साधी टिकल्यांची पाकिटं आणायची तरी ह्यांना विचारायचं, आणि हे म्हणणार, बहीण तिकडे राबते आहे. तुमचा राग यायचा मला, खरं सांगते. तुम्हाला कधी बघितलंही नव्हतं, तरी यायचा." त्यांनी घामेजलेलं कपाळ कोपराने पुसलं. "उद्या किती वाजता येऊ?"

दादाने त्या दिवशी जेवण केलं नाही. वहिनींनी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर त्या खाली आल्या.

काकूही येऊ लागल्या, पण कामाला नाही. बसून घड्या बघायला आणि आईशी बोलायला. आई रोज तिथेच असायची. चादरीचे कोपरे जुळले नाहीत की ती पुन्हा उलगडायला लावायची, मग ती घडी कोणीही घातलेली असो. हेडक्लार्कच्या मुलाचं ते लग्न मोडलंच. नंतर दुसरीकडे जुळलं, आणि ऐकीव गोष्ट अशी की त्या मुलीने पहिल्याच फोनवर त्याला विचारलं, तू तिथे भांडी घासतोस त्याचे किती मिळतात, आणि त्याने सांगितलं. फरशीवाला मात्र अजून तिच्याशी बोलत नाही. त्याने दुकानाचा अर्धा भाग बंद केला, तिथला हमाल आता हॉस्पिटलच्या ढकलगाड्या ओढतो. हमालाच्या बायकोने एकदा तिला तोंडावर सुनावलं की बाई, तुमच्या खरं बोलण्यापायी आमची चार महिने चूल थंड होती. दुसऱ्या दिवसापासून तिने त्या बाईला रोलरवर घेतलं.

राहिला दादा. सहा महिने त्याने वाट बघितली की हिला झेपणार नाही, ही परत जाईल. मग एका दुपारी तो खाली आला, पहिल्यांदाच. आवाज ऐकू यावा म्हणून तिने ड्रम बंद केला.

"तू तिकडून जे पाठवायचीस," तो म्हणाला, "तेवढं महिन्याला मला देत जा. घर मीच चालवतो."

"घर आता वहिनी चालवतात. आईचं औषध मी आणते. तुला कशाला हवेत?"

"मला हातात काही नको?"

"हवंच. गाडी घेतेय, हॉस्पिटलच्या फेऱ्यांना. चालवायला माणूस पाहिजे, दुरुस्तीचा हात असलेला. पगार चांगला देईन. सोमवारपासून ये."

"बहिणीच्या हाताखाली? गावभर चादरी वाहत फिरू?"

"पंधरा वर्षं माझ्या हातांच्या कमाईवर होतास, दादा. तेव्हा लाज वाटली नाही."

तो पांढरा पडला. ती मनात चरकली, पण शब्द मागे घेतला नाही. पगाराचं बोलणं तिने पुन्हा एकदा नीट, आवाज न चढवता सांगितलं. तो जिना चढून वर गेला.

सोमवारी तो आला नाही. पुढच्या महिन्यात त्याने वरचे दोन्ही मजले हॉस्पिटलच्या नर्सना भाड्याने दिले आणि बिऱ्हाड मागच्या खोलीत हलवलं. भाडं तो स्वतः गोळा करतो, नळ गळला तर स्वतः दुरुस्त करतो, आणि चौकात सांगतो की लाँड्री म्हणजे आपलीच गुंतवणूक आहे. तिच्या कानावर आलं ते. ती म्हणाली, सांगू दे.

गाडी चालवायला तिने वरच्या वस्तीतली एक तिशीतली बाई ठेवली, जिने कधी सायकलही चालवली नव्हती. शिकायला तिला दोन महिने लागले आणि गल्लीच्या तोंडाचा एक विजेचा खांब वाकला. आता ती हॉस्पिटलच्या फाटकातून उलटी गाडी अशी आत घेते की पहारेकरी बाजूला होऊन बघत राहतो.